मार लागला, मग दुखलं का नाही?



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ताण आणि आपण' असं लिहिलंय. एवढा मोठा विषय पाऊण तासात मावत नाही, म्हणून मी त्यातला एकच तुकडा उचलणार आहे. माणूस फार घाबरलेला असतो, जिवावर बेतलेलं असतं, तेव्हा अंगावरची जखम दुखत नाही. निदान काही वेळ तरी दुखत नाही. हे का होतं, त्या वेळी मेंदूत कोणती रसायनं काम करतात, आणि ते ठाऊक नसल्यामुळे आपण कुणाकुणावर अन्याय करतो, एवढंच बोलायचं आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. लोकांना वाटतं आमचं काम पेशंटला झोपवण्याचं. खरं काम वेदना थांबवण्याचं आहे, झोप हा त्यातला एक भाग. अपघात विभागात मला रात्रीबेरात्री बोलावतात आणि तिथे एक दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. मोटारसायकलवरून पडलेला पोरगा, मांडीचं हाड मोडलेलं, आणि तो म्हणतोय, "डॉक्टर, मला काही नाही झालं, आधी माझ्या भावाला बघा." दोन तासांनी चादर बदलताना तोच पोरगा किंचाळतो. मग नातेवाईक आमच्यावर धावून येतात, "आत्तापर्यंत तर बरा होता, तुम्ही काय केलंत?" आम्ही काहीच केलेलं नसतं. त्याच्या मेंदूने त्याला दिलेला डोस उतरलेला असतो.

हा 'डोस' शब्द मी थट्टेने वापरत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाचा हार्वर्डचा भूलतज्ज्ञ अमेरिकन सैन्याबरोबर होता. 1944 साली इटलीत, आंझिओच्या किनाऱ्यावर, भयंकर लढाई झाली. या युद्धात गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना बीचर एक साधा प्रश्न विचारायचा: दुखतंय का, औषध हवंय का? हे सैनिक शुद्धीवर होते, बोलत होते. हाडं मोडलेली, पोटात-छातीत तुकडे घुसलेले. त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी औषध नको म्हणून सांगितलं. 1946 साली त्याने हे छापलं. पुढे शांततेच्या काळात त्याने ऑपरेशन झालेल्या सर्वसाधारण नागरिकांना तोच प्रश्न विचारला. त्यांच्या जखमा सैनिकांपेक्षा लहान, नीट शिवलेल्या. तरी बहुतेकांनी औषध मागितलं. म्हणजे जखम केवढी आणि वेदना केवढी, यांचा हिशेब सरळ नाही.

बीचरने एक बारकावा नोंदवलाय, तो मला फार आवडतो. पोट फाटलेलं असताना 'दुखत नाही' म्हणणारा सैनिक, कुणी शिरेत सुई नीट घातली नाही तर मात्र ओरडायचा. तेव्हा सगळं शरीर बधिर झालेलं नव्हतं. बीचरचं म्हणणं असं की सैनिकाला जखम म्हणजे सुटका वाटते. आता घरी जायला मिळणार, जीव वाचला. नागरिकाला तीच जखम म्हणजे संकट वाटतं. यात तथ्य आहे, पण ही गोष्ट अर्धीच आहे. कारण जिथे अर्थ लावायला वेळच नसतो तिथेही वेदना गायब होते.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा आफ्रिकेत फिरलेला मिशनरी. 1844 साली, आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या माबोत्सा इथे, सिंहाने त्याचा खांदा धरून त्याला झिंजाडलं. दंडाचं हाड मोडलं. त्याने नंतर लिहिलं की त्या क्षणी स्वप्नात असल्यासारखं वाटत होतं; सगळं दिसत होतं, पण वेदना नव्हती आणि भीतीही नव्हती. ते हाड नीट जुळलं नाही. 1873 साली तो वारला, आणि इंग्लंडमध्ये त्याचा मृतदेह त्या वेड्यावाकड्या हाडावरूनच ओळखला गेला. थोडं विषयांतर करतो. तो मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत चुमा आणि अब्दुल्ला सुसी यांच्याबरोबर जेकब वेनराइट होता. हा जेकब गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकन मुलगा, आणि त्याचं शिक्षण झालं होतं आपल्या नाशिकच्या शरणपूरला. आपण इतिहास वाचतो तेव्हा असली नावं गाळलेली असतात, म्हणून सांगितलं.

आता रसायनांकडे येऊ.

अफू वेदना थांबवते हे माणसाला हजारो वर्षं माहीत आहे. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देत, पोर दिवसभर गप्प पडून राहावं म्हणून. त्यापायी किती लेकरं दगावली असतील! पण अफू काम कशी करते, हे कोडं 1973 पर्यंत सुटलं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी, आणि त्याच सुमारास आणखी दोन प्रयोगशाळांनी, दाखवून दिलं की मेंदूच्या पेशींवर अफूतल्या मॉर्फिनसाठी जणू कुलपं बसवलेली आहेत. मॉर्फिनची किल्ली त्यांत नेमकी बसते. पर्ट त्या वेळी विद्यार्थिनी होती, हेही लक्षात ठेवा.

मग प्रश्न आला. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी आपल्या मेंदूत कुलूप कशाला? नक्कीच शरीर स्वतःची किल्ली बनवत असणार. 1975 साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून ती किल्ली काढली. पाच अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, नाव एन्केफॅलिन. पुढच्याच वर्षी चो हाओ ली यांनी 31 अमिनो आम्लांची दुसरी, जास्त जोरकस साखळी शोधली. ती मिळाली उंटांच्या पियुषिका ग्रंथीतून. एक शोध डुकरातून, दुसरा उंटातून. नाक कुणी कुठे मुरडायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. तुमच्या माझ्या डोक्यातही हीच रसायनं आहेत. या दुसऱ्या साखळीचं नाव बीटा-एंडॉर्फिन. एंडॉर्फिन म्हणजे शरीराच्या आतलं मॉर्फिन.

आता हे चालतं कसं? मध्यमेंदूत द्रव वाहून नेणारी एक बारीक नळी आहे. तिच्याभोवती करड्या पेशींचं वेष्टन आहे. त्याला पेरिॲक्विडक्टल ग्रे म्हणतात. आपण त्याला 'पीएजी' म्हणू. 1969 साली डेव्हिड रेनॉल्ड्स या संशोधकाने उंदरांच्या या भागात विजेचा सौम्य प्रवाह सोडला आणि भुलीचं औषध न देता पोटाचं ऑपरेशन केलं. उंदीर जागे होते. वेदना बंद करण्याचं बटण मेंदूतच आहे, हे त्या प्रयोगाने सांगितलं.

हे बटण दाबतं कोण? मेंदूत खोलवर, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग आहे. धोका ओळखणं हे त्याचं काम. समोरून ट्रक आला, कुणी काठी उगारली, की अमिग्डाला आणि हायपोथॅलॅमस दोघं पीएजीला निरोप देतात. पीएजीमध्ये एरवी काही पेशी ब्रेक लावून बसलेल्या असतात. एन्केफॅलिन त्या ब्रेक लावणाऱ्या पेशींनाच गप्प करतं. ब्रेक निघाला की निरोप खाली मेंदूच्या देठात जातो आणि तिथून मज्जारज्जूत उतरतो. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला एक नाका आहे. पायातून, हातातून येणारी वेदनेची बातमी त्या नाक्यावरून पुढे जाते. वरून आलेले सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि तिथल्याच पेशींचं एन्केफॅलिन मिळून तो नाका बंद करतात. म्हणजे मोडलेलं हाड बातमी पाठवतंय, पण ती नाक्यावर अडवली जाते. नाक्याची ही कल्पना रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडली होती. तपशील पुढे बरेच बदलले, कल्पना टिकली.

आणखी एक गंमत आहे. ताणाच्या वेळी पियुषिका ग्रंथी एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते. ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला सांगतं की कॉर्टिसॉल बनव, अंगातली साखर वाढव, पळायची तयारी कर. हे एसीटीएच आणि वेदना थांबवणारं बीटा-एंडॉर्फिन, दोन्ही एकाच मोठ्या रेणूचे तुकडे आहेत. एकच रोटी मोडून दोन ताटांत वाढावी, तसं. 1977 साली रॉजे गियमँ यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं की ताण दिला की दोन्ही एकदमच रक्तात येतात. पण म्हणून व्हॉट्सॲपवर 'रक्तातलं एंडॉर्फिन वाढवा, दुखणं पळवा' असं काही आलं तर पुढे पाठवू नका. रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन मेंदूत फारसं शिरत नाही. मेंदू आपलं काम स्वतःच्या साठ्यावर करतो.

तर मग सगळं अफूसारख्याच रसायनांनी होतं का? नाही. नॅलॉक्सोन नावाचं औषध आहे. ते त्या कुलपात शिरून बसतं आणि मॉर्फिनला आत येऊ देत नाही. अफूचा किंवा हेरॉइनचा जादा डोस झाला तर जीव वाचवायला आम्ही तेच देतो. 1980 साली कॅलिफोर्नियात जॉन लिबेस्किंड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पायांना विजेचे झटके दिले. अधूनमधून, बराच वेळ झटके दिले तर येणारी बधिरता नॅलॉक्सोनने नाहीशी व्हायची. सलग पण थोडाच वेळ झटका दिला तर बधिरता यायची, पण नॅलॉक्सोनचा तिच्यावर परिणाम नाही. म्हणजे दोन वेगळे रस्ते आहेत. दुसऱ्या रस्त्यावर काय आहे, हे बरंचसं कळलं 2005 साली: गांजातल्या रसायनासारखी, मेंदूने स्वतः बनवलेली रसायनं. उंदरांच्या पीएजीत ताणाच्या वेळी ती वाढतात आणि वेदना दाबतात. त्यातल्या एकाचं नाव आनंदामाइड. 1992 साली ते जेरुसलेममध्ये सापडलं तेव्हा शोधणाऱ्यांनी नाव संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून ठेवलं. मार खाताना मेंदूत आनंदामाइड स्रवतं, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं.

(इथे मागून कुणीतरी विचारलं, 'मग वेदना असतेच कशाला?')

बरोबर प्रश्न. वेदनेचं काम जखम सांभाळायला लावणं. पाय मुरगळला की दुखतं, म्हणून आपण तो टेकत नाही, म्हणून तो बरा होतो. पण मागे कुत्रा लागलेला असताना पाय सांभाळत बसलं तर पायही जातो आणि जीवही. तेव्हा शरीर म्हणतं, आधी पळ, दुखायचं नंतर. ज्या प्राण्यांना हे जमलं ते वाचले, त्यांचे वंशज आपण.

आता ज्यासाठी एवढं सांगितलं तिकडे येतो. या सवलतीला मुदत असते. काही मिनिटं, कधी काही तास. मुदत संपली की बातमी नाक्यावरून सुटते. त्यात तोवर जखमेभोवती सूज आलेली असते, म्हणून दुसऱ्या दिवशीचं दुखणं जास्तच असतं. आणि नेमक्या त्याच वेळी आपली माणसं म्हणतात, "काल तर चालत होतास, आज नाटक करतोस काय?"

हे 'नाटक' फार ठिकाणी ऐकू येतं. नवऱ्याने मारलेली बाई रात्री शेजारणीला म्हणते, काही नाही, लागलं नाही. दोन दिवसांनी माहेरी गेल्यावर ती कुशीवर वळू शकत नाही. मग सासरची माणसं म्हणतात, तेव्हा बोलली नाही, आता माहेरच्यांनी शिकवलं. दंगलीत, मोर्चाच्या चेंगराचेंगरीत मार बसलेला मुलगा पहिल्या जबाबात 'किरकोळ मार' म्हणतो आणि तोच कागद पुढे त्याच्याविरुद्ध वापरला जातो. तो खोटं बोलला नाही. जबाब लिहिताना त्याला खरंच दुखत नव्हतं. पहिल्या तासात 'दुखत नाही' म्हणणं आणि तिसऱ्या दिवशी 'सहन होत नाही' म्हणणं, दोन्ही खरं असू शकतं, आणि त्यामागचं शरीरशास्त्र मी आत्ता तुम्हाला सांगितलं. तुमच्यातले जे वकिलीचं शिकताहेत, पत्रकारिता करताहेत, मोहल्ल्यात मदतकार्य करतात, त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. जबाबात 'आत्ता दुखत नाही' असं लिहा. 'मार लागला नाही' असं लिहू नका. दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्याकडे कायद्यात याला एक जागा आधीच आहे. डी. के. बसू खटल्यात 1996 साली सुप्रीम कोर्टाने अटकेबाबत नियम घालून दिले. अटक झालेल्याने मागणी केली तर त्याच वेळी त्याची तपासणी करून अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद करायची, आणि कोठडीत असेपर्यंत दर 48 तासांनी डॉक्टरकडून पुन्हा तपासणी. कोर्टाने हे मेंदूतल्या रसायनांचा विचार करून लिहिलेलं नाही, पण मला भूलतज्ज्ञ म्हणून ते 48 तास फार मोलाचे वाटतात. पहिल्या तपासणीत न दिसलेला वळ आणि न सांगितलेलं दुखणं दुसऱ्या तपासणीत सापडतं.

अपघाताबद्दलही हेच. कुणी पडलं आणि उठून उभं राहिलं, कपडे झटकले, की आपण टाळ्या वाजवतो, पाणी पाजतो आणि घरी पाठवतो. असं करू नका. मान किंवा पाठ आदळली असेल तर त्याला उठवूही नका, 108 ला फोन करा. घरी गेलेल्या माणसाजवळ रात्रभर कुणीतरी थांबा. उलट्या, सुस्ती, पोट कडक होणं, चक्कर, हातापायाला मुंग्या, यातलं काहीही दिसलं तर दुखो न दुखो, दवाखान्यात न्या. प्लीहा फाटलेला माणूस तासभर गप्पा मारताना मी पाहिलाय.

शेवटचा मुद्दा उलटा आहे, आणि तो तुमच्या वयाच्या मुलांना जास्त लागू पडतो. भीती वेदना दाबते असं मी सांगतोय. मग सतत धास्तीत जगणाऱ्यांना काहीच दुखू नये. पण तसं नाही. 2000 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही जणांना विजेचे खरे झटके दिले; त्यांच्या बोटाला नंतर उष्णता लावली तर ते जास्त वेळ सहन करू शकले. दुसऱ्यांना फक्त सांगितलं की झटका बसेल, आणि दिलाच नाही. त्यांचं बोट लवकर मागे आलं, त्यांना जास्त लवकर दुखलं. समोर उभं ठाकलेलं संकट वेदनेचा नाका बंद करतं; येईल-येईल म्हणून वाट पाहायला लावणारं संकट तो सताड उघडतं. काळजीच्या वेळी मेंदूत कोलेसिस्टोकायनिन नावाचं रसायन काम करतं. ते आतड्यातही असतं, पण मेंदूत ते एंडॉर्फिनच्या विरुद्ध जातं. इटलीत फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांनी 1997 साली दाखवलं की 'आता दुखणार' असं सांगितल्यामुळे वाढलेली वेदना, हे रसायन रोखणारं औषध दिलं तर वाढत नाही. म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलांना सुई टोचताना 'आता खूप दुखेल हं' म्हणू देत नाही.

आता विचार करा. पुढच्या महिन्याचं भाडं, नाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक, निकाल, मुलाखत, रात्री घरी न पोचलेला भाऊ. यातलं काहीच अंगावर धावून येत नाही, सगळं 'येईल' या रांगेत उभं आहे. असा ताण महिनोन्‌महिने राहिला की वेदना दाबणारी व्यवस्था ढिली पडते, आणि साधं दुखणंही मोठं होतं. आपल्या घरातल्या अम्मी, खाला, मोठ्या आपा सांगतात, "सगळं अंग दुखतं." तपासण्या नॉर्मल येतात, आणि डॉक्टरसकट सगळे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. तिचं दुखणं तिच्या मज्जारज्जूतून जातंय, तिथे रसायनं कमी-जास्त होताहेत. त्याला खेळ म्हणणारा माणूस शरीरशास्त्र विसरलाय. तिला व्यायाम, पुरेशी झोप, कधी औषध, आणि घरातल्या कामाची नीट वाटणी लागते. मी चिठ्ठीवर हे शेवटचंही लिहितो. औषधवाला हसतो.

वेळ झाली. प्रश्न घेऊ या. खिडकीपाशी बसलेली ती मुलगी केव्हापासून हात वर करून बसलीय, आधी तिला बोलू द्या.